टीममधली माणसं अचानक गेल्यावर प्रोजेक्ट कसा सांभाळायचा

सहा जणांची टीम होती. एका गोदामाच्या मालसाठ्याचं सॉफ्टवेअर आम्ही तयार करत होतो आणि काम हातावेगळं करायला आठ आठवडे उरले होते. एकाने राजीनामा दिला, शिल्लक रजा नोटीस पीरियडमध्ये वळती करून घेतली आणि चौथ्या दिवशी तो मोकळा झाला. त्याच आठवड्यात दुसऱ्या सहकारीला अपघात झाला. ती किती दिवस येऊ शकणार नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

मी तेव्हा जे केलं ते बहुतेक मॅनेजर करतात. दोघांच्या कामांची यादी काढली, उरलेल्या चौघांत ती सारखी वाटली आणि तारखेत काही फरक पडणार नाही असं क्लायंटला कळवून टाकलं. तिसऱ्या आठवड्यात त्या चौघांपैकी एक जण माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "मला दोन कामं नीट जमतात. तुम्ही पाच दिलीत. आता ती दोनही धड होत नाहीयेत."

चूक तिथे कळली. प्लॅन सहा माणसांचा होता, ती सहा जणांची टीम आता उरलेली नव्हती, आणि मी चौघांकडून तोच प्लॅन पुरा करून घेऊ पाहत होतो. तेव्हापासून अशी वेळ आली की मी आधी प्लॅन मोडतो आणि मगच कामं वाटतो. पुढचा सगळा क्रम त्यावरच उभा आहे.

पहिला दिवस: बातमी आणि चाव्या

बातमी तुम्ही स्वतः सांगा, आणि त्याच दिवशी सांगा. टीमला ती चहाच्या वेळी कुजबुजीतून कळली तर पुढचे दोन दिवस सगळे "अजून कोण जाणार?" याच विचारात घालवतील. सांगताना तीन गोष्टी पुरतात: कोण नसणार आहे, आजपासून कोणती कामं थांबवतो आहोत, आणि नवा प्लॅन कोणत्या दिवशी समोर ठेवणार. जाण्याचं कारण त्या व्यक्तीने जितकं सांगायला हरकत नाही म्हटलं असेल तितकंच सांगा. "तुमच्यावर जास्तीचं काम येणार नाही" असं आश्वासन मात्र देऊ नका. ते पाळता येईल की नाही हे त्या क्षणी तुम्हालाच ठाऊक नसतं.

नवं काम हातात घेणं दोन दिवस थांबवा. ज्याच्यावाचून उद्या कुणाचं तरी अडेल तेवढंच चालू ठेवा. वरच्यांना हे पटवायला जरा जड जातं, पण गोंधळात सुरू केलेलं काम पुन्हा करावं लागतं.

त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत चाव्यांची यादी हवी. चाव्या म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावावर किंवा त्याच्या एकट्याच्या हातात असलेली प्रत्येक गोष्ट. ही यादी करताना लोक पासवर्डवर थांबतात, आणि घात नेमका पुढच्या गोष्टींनी होतो:

- ओटीपी कोणाच्या फोनवर येतो? एखाद्या खात्याची दुहेरी पडताळणी त्याच्या खासगी नंबरवर असेल तर पासवर्ड असूनही तुम्ही बाहेरच राहता.
- ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामं कोणाच्या खात्यातून चालतात? आयटी विभागाने ते खातं बंद केलं की ती कामं मुकाट्याने बंद पडतात. म्हणून खातं काढून टाकण्याआधी ते नुसतं गोठवायला सांगा आणि मधल्या काळात काय काय बंद पडतं ते पाहा.
- डोमेन, सुरक्षा प्रमाणपत्रं, सॉफ्टवेअरचे परवाने यांच्या नूतनीकरणाची सूचना कोणाच्या ईमेलवर जाते?
- शेअर केलेल्या फाइल्सची मालकी कोणाकडे आहे? बघायला मिळणारी फाइल आपल्या मालकीची असतेच असं नाही.
- बाहेरच्या पुरवठादारांकडे संपर्क म्हणून कोणाचं नाव आहे, आणि बिलांना मंजुरी कोण देत होतं?

कारण मृत्यू किंवा गंभीर आजार असेल तर हा दिवस वेगळा जायला हवा. टीमला काम थांबवून एकत्र बसू द्या. घरच्यांशी बोलायला एकच व्यक्ती नेमा आणि पासवर्ड, लॅपटॉप, फाइल्स यांतलं काहीही पहिल्या दिवसांत त्यांच्याकडे मागू नका. खात्यांचा ताबा कंपनीच्या ॲडमिनकडून किंवा सेवा देणाऱ्यांकडून मिळवता येतो, त्याला वेळ लागला तरी चालेल. लॅपटॉपवरचे खासगी फोटो आणि कागदपत्रं वेगळी काढून घरच्यांना नीट पोचवा. आणि ती खुर्ची लगेच दुसऱ्या कुणाला देऊ नका.

निरोप घ्यायला थोडे दिवस असतील तर

जाणारा माणूस आणखी चार-पाच दिवस असेल तर त्याला "सगळं लिहून दे" सांगण्यात ते दिवस दवडू नका. लिहिताना माणूस आपल्याला जे आठवतं ते लिहितो. जे हाताला इतकं सवयीचं झालेलं असतं की आठवावंच लागत नाही, ते कागदावर येत नाही, आणि पुढे नेमकं तेच अडतं.

त्यापेक्षा उलटं करा. काम घेणाऱ्याला कीबोर्डवर बसवा आणि जाणाऱ्याला शेजारी. घेणाऱ्याने काम प्रत्यक्ष करायचं, जाणाऱ्याने फक्त अडला की बोलायचं. स्क्रीन रेकॉर्ड करा. घेणारा जिथे जिथे थांबला त्या जागा एका कागदावर टिपा. तो कागद हाच खरा हँडओव्हर. एका कामाला साधारण दीड-दोन तास धरा आणि दिवसात अशी दोनच बैठकं ठेवा, कारण तिसऱ्या बैठकीपर्यंत दोघेही थकलेले असतात.

शेवटच्या दिवशी एवढे तीन प्रश्न जरूर विचारा. "इथलं काय कधीही मोडेल असं तुला वाटतं?" "तू कोणाला काय कबूल केलं आहेस?" "कोणतं काम तू करत होतास पण ते करण्याची खरं तर गरज नव्हती?" तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जाणारा माणूसच मोकळेपणाने देतो. राहणाऱ्याला ते सांगणं अवघड जातं.

न दिसणारं काम शोधा

आमच्या त्या प्रोजेक्टमध्ये सोमवारी सकाळी साडेदहाला क्लायंटचा फोन आला: साठ्याचा साप्ताहिक अहवाल आलेला नाही. आम्ही चक्रावलो. तो अहवाल सिस्टीम आपोआप पाठवते अशी आमची समजूत होती, क्लायंटचीही होती. जुन्या ईमेल चाळल्यावर उलगडा झाला. गेलेला सहकारी दर सोमवारी सकाळी सातच्या सुमारास सिस्टीममधून निघालेली फाइल उघडायचा, एका गोदामाच्या तारखा दिवस आणि महिना उलटा होऊन यायच्या त्या हाताने सरळ करायचा, दोनदा आलेल्या ओळी काढायचा आणि मग फाइल पाठवायचा. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. प्लॅनमध्ये या कामाची एक ओळही नव्हती. तो असेपर्यंत हे काम कुणाला दिसलंच नाही.

प्रत्येक टीममध्ये अशी कामं असतात आणि ती टास्क बोर्डवर सापडत नाहीत. शोधायची तर वेगळीकडे शोधावी लागतात. कंपनीच्या नियमांत बसत असेल तर त्या व्यक्तीच्या कामाच्या ईमेलमधली गेल्या तीन महिन्यांची 'पाठवलेले' यादी वाचा. आलेल्या ईमेलपेक्षा पाठवलेल्या ईमेल जास्त बोलतात. कॅलेंडरमधल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या बैठका पाहा. सॉफ्टवेअरचं काम असेल तर कोणत्या फाइल्समध्ये गेल्या वर्षभरात फक्त त्याचाच हात लागला आहे हे गिटच्या, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल कुणी केला ते नोंदवणाऱ्या साधनाच्या, इतिहासातून काही मिनिटांत कळतं. त्या फाइल्सवर वेगळी खूण करा.

आणि लोकांना विचारा, पण प्रश्न नीट विचारा. "त्याचं काय पेंडिंग आहे?" असं विचारलं तर नोंदवलेली कामं कळतात. "तो तुमच्यासाठी काय करायचा?" असं विचारलं तर बाकीचं बाहेर येतं. हा प्रश्न टीमबाहेरच्यांना, म्हणजे क्लायंटचा माणूस, हिशेब विभाग, सपोर्ट डेस्क, शेजारची टीम यांना आवर्जून विचारा. नवख्यांना धीर देणं, दोन विभागांतली कुरबुर मिटवणं, बैठकीनंतर काय ठरलं ते सगळ्यांना लिहून पाठवणं, ही कामंसुद्धा यादीत लिहा. तीही कुणीतरी करत होतं.

हिशेब मांडा

इथे घाई करू नका. पुढच्या प्रत्येक बोलण्याचा आधार हाच कागद असणार आहे.

आमचे आकडे असे होते. एका माणसाच्या आठवड्यातले प्रत्यक्ष कामाला मिळणारे तास 30, बाकीचे बैठका आणि किरकोळ गोष्टींत जातात. सहा जणांचे 180 तास. आठ आठवड्यांत 1440 तासांचं काम बसवलेलं होतं. दोघं गेले की उरले 120. बहुतेक जण इथे थांबतात आणि म्हणतात, आठचे बारा आठवडे होतील. पण गेलेल्यांचं काम समजून घ्यायलाही वेळ लागतो. चौघांचे मिळून आठवड्याला 25 तास त्यात गेले, म्हणजे पहिले तीन आठवडे हातात फक्त 95 तास. तीन आठवड्यांत 285 तासांचं काम झालं, उरलं 1155. ते 120 च्या वेगाने साडेनऊ आठवड्यांहून थोडं जास्त. आठ आठवड्यांचं काम तेरा आठवड्यांवर गेलं.

आता हाच हिशेब उलट्या बाजूने करा. तारीख हलवायचीच नसेल तर आठ आठवड्यांत किती होईल? पहिल्या तीन आठवड्यांचे 285 आणि पुढच्या पाचांचे 600, एकूण 885 तास. म्हणजे 555 तासांचं काम काढून टाकावं लागेल. हा आकडा मी पहिल्याच आठवड्यात मांडला असता तर तारीख टिकेल असं लिहायला माझा हात धजावला नसता.

तुमचे आकडे वेगळे असतील. तीसऐवजी कुणाचे पंचवीस तास असतील, कुणी अर्धवेळ असेल. आकडे अंदाजे असले तरी चालतील, पण ते कागदावर हवेत. "जरा ओढाताण होईल" या शब्दांवर कुणालाच निर्णय घेता येत नाही.

काम कमी करा

यासाठी मी डाय क्लेग यांनी 1994 च्या सुमारास मांडलेली मॉस्को पद्धत वापरतो. रशियाच्या राजधानीशी तिचा संबंध नाही, चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडलं. मराठीत चार खाने असे: हवंच, असायला हवं, असलं तर बरं, या वेळी नाही. पद्धत सोपी आहे, अडचण इतकीच की पहिल्या फेरीत सगळं 'हवंच'मध्ये जाऊन बसतं. त्यावर माझी एक कसोटी आहे: हे नसेल तर ठरलेल्या दिवशी वापर सुरू करणं थांबवाल का? "थांबवणार नाही, पण चिडचिड होईल" असं उत्तर आलं की ते काम दुसऱ्या खान्यात.

प्रत्येक कामाचा थोडा थोडा भाग कापत बसू नका. पाच कामं ऐंशी टक्के करून ठेवली तर हातात एकही पुरं काम राहत नाही. एक अख्खं काम काढा आणि उरलेली चार पुरी करा. गुणवत्ता तपासणी कापायचा मोह सगळ्यात जास्त होतो, कारण तिचा फटका लगेच जाणवत नाही. पण लोक नवख्या कामात हात घालत असताना चुका वाढतात, म्हणजे तपासणी नेमकी तेव्हाच जास्त लागते.

क्लायंटला आणि वरच्यांना सांगणं

हिशेब तयार झाला की त्याच आठवड्यात सांगा. उशिरा कळलेली वाईट बातमी दुप्पट महाग पडते, कारण तोवर समोरच्याने तुमच्या तारखेवर स्वतःची कामं बांधलेली असतात. नुसती अडचण घेऊन जाऊ नका, पर्याय घेऊन जा. मी आता साधारण असं लिहितो:

"आमच्या टीममधल्या दोन सहकाऱ्यांची या प्रोजेक्टसाठी आता मदत होऊ शकणार नाही. त्याचा परिणाम आम्ही मोजला आहे. ठरलेली तारीख कायम ठेवायची असेल तर सोबतच्या यादीतली पहिली सात कामं पूर्ण करून देऊ, उरलेली पाच दुसऱ्या टप्प्यात जातील. सगळी बारा कामं एकत्रच हवी असतील तर तारीख पाच आठवडे पुढे जाईल. आमचं मत पहिल्या पर्यायाच्या बाजूने आहे, कारण साठ्याची मोजणी त्यात वेळेवर सुरू होते. शुक्रवारपर्यंत निर्णय कळवलात तर सोमवारपासून त्याप्रमाणे काम लावतो."

यात गेलेल्या माणसांवर एका शब्दाचाही ठपका नाही, हे मुद्दाम. जो नाही त्याच्यावर खापर फोडणारा मॅनेजर उद्या आपल्याबद्दलही असंच बोलेल, हे टीम लक्षात ठेवते. आपलं मत लिहिणंही महत्त्वाचं. ते नसेल तर निर्णय बैठकीमागून बैठकीत फिरत राहतो आणि आठवडा हातचा जातो.

आता कामं वाटा

सारखी वाटणी दिसायला न्याय्य असते, कामाला ती घातक ठरते. एका माणसाचं काम चौघांत तुकडे करून दिलं की त्या कामाचं पूर्ण चित्र कुणाच्याच डोक्यात राहत नाही. एक काम एकाकडे, अख्खं द्या. आणि देताना त्याच्याकडचं दुसरं काहीतरी त्याच बैठकीत, सगळ्यांसमोर काढून घ्या. "हे घे, बाकीचं बघू नंतर" यातलं नंतर कधीच येत नाही.

वाटण्याआधी प्रत्येकाशी वीसेक मिनिटं एकट्याने बोला. कुणाला काय येतं हे तुम्हाला माहीत असतं, पण कुणाला काय शिकायचं आहे, कुणाच्या घरी सध्या काय चाललं आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडची सगळ्यात धाकटी सहकारी डेटाबेसचं काम मागून घेईल असं मला वाटलं नव्हतं. तिने ते घेतलं, पहिले दहा दिवस अडखळली आणि महिन्याभरात ते काम तिच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं.

एका वेळी एकाच्या हातात दोनपेक्षा जास्त कामं अर्धवट नसावीत. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये एक साधा नियम गणिताने सिद्ध केला: काम पुरं होण्याचा वेग तोच राहिला आणि एकाच वेळी चालू असलेली कामं वाढली, तर प्रत्येक कामाला लागणारा काळ त्याच प्रमाणात वाढतो. टीम लहान झाल्यावर वेग तर घटलेलाच असतो. त्यात जास्त कामं उघडून ठेवली की सगळीच रेंगाळतात.

नवीन माणूस आणायचा का?

लगेच होकार देऊ नका. फ्रेड ब्रुक्स यांनी 1960 च्या दशकात आयबीएममध्ये ओएस/360 या मोठ्या सॉफ्टवेअरचं काम सांभाळलं आणि त्या अनुभवावरून 1975 मध्ये लिहिलं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की त्याला आणखी उशीर होतो. हा नियम फार ढोबळ आहे हे त्यांनी स्वतःही म्हटलं होतं, पण त्यामागची कारणं खरी आहेत. नव्या माणसाला शिकवायला जुनाच माणूस लागतो. शिवाय माणसं वाढली की आपसांतला बोलण्याचा व्याप त्याहून वेगाने वाढतो: चार जणांत सहा जोड्या होतात, सहांत पंधरा आणि सातांत एकवीस.

माझा ठोकताळा असा: मुदत सहा आठवड्यांच्या आत असेल तर नवीन माणूस मूळ कामात घालू नका. त्याला कडेची, नीट वेगळी काढता येणारी कामं द्या, म्हणजे चाचण्या, डेटा भरणं, वापरकर्त्यांसाठी सूचना लिहिणं. त्यातून जुन्यांचे हात मोकळे होतात. मुदत तीन महिन्यांवर असेल तर जरूर आणा, पण शिकवणारी व्यक्ती एकच ठेवा आणि पहिले तीन आठवडे तिच्याकडचं काम ठरवून निम्मं करा. शक्य असेल तर कंपनीत पूर्वी या प्रोजेक्टवर राहून गेलेला माणूस थोड्या दिवसांसाठी मागा. बाहेरच्या हुशार माणसापेक्षा तो पहिल्या महिन्यात जास्त उपयोगी पडतो.

जे राहिले त्यांच्याकडे लक्ष

दोघं गेल्यावर तिसरा जाण्याचा धोका सगळ्यात मोठा असतो, कारण गेलेल्यांचं ओझं त्याच्याच खांद्यावर आलेलं असतं. जास्तीचे तास मागायचेच असतील तर शेवटची तारीख सांगून मागा: "पुढचे दोन शनिवार, 12 तारखेला संपेल." आणि 12 तारखेला ते खरोखर संपवा. मोबदला किंवा बदली रजा आधीच लेखी घ्या, नंतर बघू म्हटलेलं मिळवायला तुम्हालाच भांडावं लागतं.

काही खुणा ओळखीच्या आहेत. जो बैठकीत वाद घालायचा तो गप्प होतो. रात्री उशिराच्या ईमेल येऊ लागतात. सुट्टी टाकलेली असते ती कुणी न सांगता रद्द होते, आणि सुट्टी रद्द केल्याचं कौतुक करण्यापेक्षा त्या माणसाला सुट्टीवर जायला लावणं हे तुमचं काम आहे. आठवड्यातून एकदा प्रत्येकाला विचारा, "या आठवड्यात काय काढून टाकू?" "सगळं ठीक ना?" या प्रश्नाला "हो" एवढंच उत्तर मिळतं.

सहा आठवड्यांनी

हिशेबाचा कागद पुन्हा काढा आणि प्रत्यक्ष आकडे शेजारी लिहा. आमचे 120 तास प्रत्यक्षात 105 च्या आसपास निघाले होते. फरक दिसला की तारीख किंवा यादी पुन्हा बदला आणि क्लायंटला आपणहून कळवा.

मग बस फॅक्टर काढा: कमीत कमी किती माणसं एकाएकी नाहीशी झाली तर काम ठप्प होईल, तो आकडा. प्रत्येक कामासमोर ते एकट्याने, न विचारता करू शकणाऱ्यांची नावं लिहा. जिथे एकच नाव आहे तिथे दुसरं नाव यायला हवं, आणि त्यासाठी दर महिन्याला एक काम मूळ माणसाऐवजी त्या दुसऱ्याने करायचं.

हे जमलं आहे की नाही ते पाहायला आम्ही एक सराव करतो. टीममधली एक व्यक्ती दोन दिवस रजेवर जाते, फोन आणि चॅट पूर्ण बंद ठेवून, आणि बाकीचे कुठे कुठे अडले ते टिपून ठेवतात. पहिल्यांदा मीच रजेवर गेलो. परत आलो तर टेबलावर अकरा ओळींचा कागद होता. पहिली ओळ होती: बिलांना मंजुरी फक्त तुमच्या खात्यातून देता येते.